सासूबाईंची किडनी

माझ्या पोटात, उजव्या बाजूला खाली, माझ्या सासूबाईंची किडनी आहे. हे वाक्य मी आता इतक्या सहज टाकतो की समोरच्याचा चेहरा बघायला मजा येते. सेनगावच्या स्टँडवर, जीपमध्ये, शाळेच्या ऑफिसात, कुठंही. बायका तोंडाला पदर लावतात, पुरुष माझ्या पोटाकडे टक लावून बघतात आणि एक जण तरी हमखास विचारतो, "सासूची? सख्ख्या सासूची?" जणू चुलत सासूची असती तर समजण्यासारखं होतं.

मी विज्ञानाचा मास्तर आहे. आठवी ते दहावी. मला समजावून सांगायचा रोग आहे आणि तो किडनीच्या रोगाहून जुना आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला लाळेतलं विकर भाताचं काय करतं ते सांगितल्याशिवाय मला घास उतरत नाही. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी घंटा झाली की नाही ते बघावं लागतं. दुसरी खोड अशी की सांगितलेलं चुकलं, हे कबूल करायला मला फार जड जातं. पुढचं सगळं रामायण या दुसऱ्या खोडीतून घडलं.

सासूबाई साखऱ्याला राहतात. सासरे लग्नाआधीच गेलेले. कोरडवाहू शेत त्या स्वतः करतात, सोयाबीन आणि तूर. गड्यांना आवाज देतात तो बांधापलीकडच्या रानात ऐकू जातो. पण जावई दारात आला की तोच आवाज माजघरात गडप व्हायचा. जावयासमोर यायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. मी ओसरीवर जेवायला बसायचो आणि दाराआडून आवाज यायचा, "त्यायला इचार, भाकर वाढू का?" मी बायकोला सांगायचो, "नको म्हणावं." बायको मध्ये बसून दोन्हीकडे बघायची आणि वैतागायची. "दोघांला बी ऐकू येतंय की!" लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मी त्यांचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता. हात मात्र ओळखायचो. दाराच्या फटीतून ताट पुढे सरकवणारे, हिरव्या काचेच्या बांगड्यांशिवायचे, कामाने काळे पडलेले हात.

करोनाच्या दिवसांत शाळा बंद होती आणि माझा रोग उफाळून आला होता. सांगायला वर्ग नाही म्हणून मी गावं धरली. 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं मोठ्या अक्षरात लिहून कागद चिकटवत फिरलो. साखऱ्याच्या पारावरही एक चिकटवला. खाली यादी होती आणि यादीत पहिलं नाव गुळवेलीचं. एवढ्यावर थांबलो नाही. गुळवेलीच्या कांड्या घरोघरी वाटल्या. सासूबाईंच्या अंगणातल्या कडुलिंबावर वेल मी माझ्या हातानं चढवली आणि बायकोला मध्ये ठेवून दाराकडे तोंड करून पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. दाराआडून एकच उत्तर आलं. "बराबर हाय म्हणावं. मास्तरानं सांगितलं म्हणजे बराबरच."

त्यानंतर वर्षभरानं माझे पाय सुजायला लागले. बीपी कधीपासून वाढलेलं होतं देव जाणे. जगाला तपासण्या करायला सांगणाऱ्या मास्तरानं स्वतःची केली नव्हती. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. मग आठवड्यातून दोनदा हिंगोलीला डायलिसिस. सकाळच्या एसटीनं जायचं, यंत्राला चार तास बांधून घ्यायचं आणि पिळलेल्या धुण्यासारखं परत यायचं. बायकोचा रक्तगट जुळेना. भावालाही बीपी निघालं. आई-वडील नव्हते. एक दिवस साखऱ्याहून बायकोला फोन आला. "त्यायला म्हणावं, माझी बघा."

मी नाही म्हणालो. दोन महिने नाहीच म्हणत होतो. पण त्यांनी परस्पर सेनगावला जाऊन रक्तगट तपासून चिठ्ठी आणली होती. त्या रक्ताच्या नात्यातल्या नसल्यामुळे समितीपुढं जाऊन परवानगी घ्यावी लागली. कुणाच्या दबावाखाली तर देत नाही ना, हे त्या लोकांना बघायचं असतं. मी बाहेर बाकावर होतो आणि बायको आत. तिनं नंतर सांगितलं, आई कपाळापर्यंत पदर ओढून उभी होती. साहेबांनी विचारलं, "जावयाला किडनी काहून देता बाई?" आई म्हणाली, "मला दोन हायत, त्यायला एक बी न्हाई. यात इचारायसारखं काय हाय?" साहेबांनी सही केली.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची चंगळ. सासुरवाडीला बोलावणं, पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार आणि वर वाण. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी संभाजीनगरच्या दवाखान्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "त्यायला म्हणावं, यंदा धोंडे करणं जमलं न्हाई. हेच वाण समजा." पडद्याच्या अलीकडे मी हसलो आणि मग मला हुंदका आवरला नाही.

किडनी बसवली. टेबलावरच लघवी सुरू झाली, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा आमच्या घरात पोरगं झाल्यासारखा आनंद झाला. घरी सोडताना त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. गोळ्या आयुष्यभर, सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला. तपासण्या वेळेवर. आणि काढा, चूर्ण, झाडपाला यातलं काहीही पोटात जाता कामा नये. "तुमच्या शरीराला ही किडनी परकी आहे," त्या म्हणाल्या. "तुमची प्रतिकारशक्ती तिच्यावर धावून जाऊ नये म्हणून आपण औषधांनी त्या शक्तीला दाबून ठेवतोय. लोक ती वाढवतात. तुम्ही वाढवायची नाही."

साखऱ्याहून रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला मिस्ड कॉल यायला लागला. जावयाशी बोलायचं नाही, पण गोळीची आठवण तर द्यायची. एक रिंग, की बंद. मी गोळी घेऊन उलटा मिस्ड कॉल द्यायचो. सहा महिने आमचं हे बिनबोभाट संभाषण चाललं.

संक्रांतीनंतर तब्येत अशी फुलली की मीच हट्ट करून आठ-दहा दिवस साखऱ्याला राहायला गेलो. तुरीची मळणी चाललेली. ओसरीवर ऊन खात बसलो होतो. पहिल्याच सकाळी दाराच्या फटीतून एक कप पुढे आला. हिरवट, फेसाळ, वास ओळखीचा.

"काय आहे हे?" मी बायकोला विचारलं. ती चुलीपाशी होती.

दाराआडून आवाज आला, "गुळयेल हाय म्हणावं. त्यायनीच लावलेली. शक्ती भरून येती म्हणून त्यायनीच तर सांगितलं व्हतं. कागद बी हाय अजून पारावर."

बायको तिथून ओरडली, "अगं, काढा न्हाई चालत त्यायला!"

"हा काय बाजारातला काढा हाय का? अंगणातली येल हाय. मास्तरानं सांगितलेली."

आता इथं मी काय करायला हवं होतं, ते सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीनंसुद्धा सांगितलं असतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी तेव्हा सांगितलं ते मला लागू नाही. पण पारावरचा तो कागद, त्याखालची माझी सही, साखऱ्यात घरोघरी पोचलेल्या कांड्या, आणि दाराआडून माझंच वाक्य मला परत ऐकवणारी ती बाई, जिनं माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःचं पोट कापून घेतलं होतं. मला लाज वाटली, दुसरं काही नाही. एक कप काय करतोय, असं मनाशी म्हणत मी तो कडूजहर कप रिकामा केला. बायकोला म्हणालो, "मला कळतं. विज्ञान कोण शिकवतं, तू का मी?" रिकामा कप बघून दाराआड किती समाधान झालं असेल याची मला कल्पना आहे, कारण दुसऱ्या दिवशी कप मोठा आला. मी रोज प्यायलो. दहा दिवस.

परत आल्यावर तपासणी होती. मला काही होत नव्हतं, कुठं दुखत नव्हतं. फक्त सकाळी डोळ्यांखाली थोडी सूज वाटायची. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. किडनी साफसफाईत मागं पडली की हा आकडा चढतो. डॉक्टरबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "उद्या या. आईंनाही आणा, त्यांची तपासणी राहिलीच आहे."

खोलीत आम्ही तिघं. मी टेबलासमोर, बायको शेजारी आणि सासूबाई रीतीप्रमाणं मागं, भिंतीकडे तोंड करून, पदर ओढून. डॉक्टरबाईंनी गोळ्या विचारल्या, वेळा विचारल्या. सगळं बराबर. मग म्हणाल्या, "बाहेरचं काही खाल्लं-प्यायलं? काढा वगैरे?"

"नाही," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघायला लागलो. मग मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"जावईबापू, खोटं काहून बोलून राहिले?"

सोळा वर्षांत पहिल्यांदा तो आवाज माझ्याशी बोलत होता. मी वळलो. सासूबाई उठून उभ्या होत्या आणि पदर खांद्यावर होता. मी त्यांचा चेहरा पाहिला. रुंद कपाळ, हनुवटीवर गोंदण आणि अगदी माझ्या बायकोचे डोळे.

"बाई," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "गुळयेल पाजली म्या. रोज सकाळी, दहा दिवस. चूक माझी हाय. त्यायला काही बोलू नका."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. "चूक त्यांची नाही," मी म्हणालो, आणि मग जे तोंड उघडलं ते थांबलंच नाही. कागद, पार, कांड्या, लिंब, व्याख्यान, सगळं सांगितलं. मला माहीत होतं आणि तरी मी प्यायलो, कारण मी शिकवलेलं चुकीचं ठरू नये असं वाटत होतं, हेही सांगितलं. असं काही मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो असेन.

डॉक्टरबाई चष्मा पुसत ऐकत होत्या. "सर," त्या म्हणाल्या, "उत्तर माहीत असून मुद्दाम चूक लिहिलं, तर तुम्ही मुलाला किती मार्क देता?"

"शून्य," बायको म्हणाली.

गुळवेलीनंच हे झालं असं खात्रीनं सांगता येणार नाही, पण निखाऱ्यावर फुंकर मारायला नको होती, असं त्या म्हणाल्या. मला लगेच दाखल करून घेतलं. बारीक सुईनं किडनीचा दोऱ्याएवढा तुकडा काढून तपासला. माझ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी किडनीत जमायला लागल्या होत्या. सुरुवातच होती. तीन दिवस सलाईनमधून जोरकस औषध द्यायचं आणि वाट बघायची.

ते तीन दिवस सासूबाई माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसून होत्या. पडदा नाही, दार नाही. रीत मोडली होती ती मोडलीच, आणि मोडल्यावर कळलं की बाईंच्या पोटात सोळा वर्षांचे प्रश्न साठले होते. पहिला प्रश्न हा, "त्या पेशींला कळतं कसं, ही माझी हाय म्हणून? डोळे असतेत का त्यायला?"

मास्तराच्या अंगात वारं संचारलं. हाताला सुई टोचलेली होती तरी मी उठून बसलो.

म्हणालो, "आई, डोळे नाहीत. त्या हात लावून ओळखतात. साखऱ्याच्या पारावर म्हातारे बसलेले असतात ना? एसटीतून कोणी उतरलं की काय विचारतात?"

"कोनाकडचे पाव्हणे?"

"तेच. आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे असे लाखो म्हातारे फिरत असतात. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर तिच्या घराण्याची खूण असते, एचएलए नावाची प्रथिनं. त्या प्रथिनाला एक खोबण असते आणि त्या खोबणीत पेशीच्या आतलं काहीबाही धरून ती बाहेर दाखवत असते. टी-पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. ते ही खूण आणि तिच्यातला तुकडा, दोन्ही चाचपून बघतात. घरचं असलं की पुढं जातात. बसलं नाही की गलका."

"आन् घरचं कोणतं, ह्ये त्यायला कोण शिकिवतं?"

हा प्रश्न माझ्या दहावीच्या वर्गात आजवर कोणी विचारलेला नाही. मी सांगितलं, की लहानपणी या पेशींची शाळा भरते, छातीच्या हाडामागं थायमस नावाच्या ग्रंथीत. जी पेशी आपल्याच घरच्या खुणेवर धावून जाते तिला तिथंच बाद करतात. म्हणून उरलेल्या पेशी आपल्याला चावत नाहीत. पण तुमच्या घराण्याची खूण त्या शाळेत कधी दाखवलेलीच नाही. त्यामुळे तुमच्या खुणेवर धावून जाणाऱ्या कितीतरी पेशी पास होऊन बाहेर पडल्यात. शिवाय किडनीतून गळालेले बारीक तुकडे माझ्याच पेशी उचलतात आणि स्वतःच्या खोबणीत धरून बाकीच्यांना दाखवत हिंडतात, बघा, हे कुणाचं आलंय. माझ्या गोळ्या या म्हाताऱ्यांना झोपवून ठेवतात, निदान पेंगत तरी ठेवतात.

"मंग मीच त्यायला चहा पाजून उठवलं म्हणा की," सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही इतके हसलो की सिस्टर बघायला आली.

पण दुसऱ्या दिवशी रक्ताचा आकडा खाली आला नाही. जिथं होता तिथंच राहिला. डॉक्टरबाई रिपोर्ट बघत असताना सासूबाई उठल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, ही गेली तर माझी दुसरी घेता येती का?"

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. "नाही हो आई," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही कशावर जगाल?"

मी भिंतीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं रडलो. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, भरल्या वॉर्डात, मास्तर माणूस. मला स्वतःच्या मरणाचं वाटत नव्हतं. एवढी मोठी वस्तू या बाईनं मला दिली आणि मी ती माझ्या ऐटीपायी घालवतोय, या विचारानं मी खचलो होतो. सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला. तोच हात, फटीतून ताट सरकवणारा. "उगी," त्या म्हणाल्या. "आजून गेली न्हाई ती. माझी हाय, लवकर हटणार न्हाई."

आणि नाहीच हटली. तिसऱ्या दिवशी आकडा उतरला, चौथ्या दिवशी आणखी उतरला आणि आठवड्यानं जवळपास जागेवर आला. बायकोनं सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले. जाताना सासूबाईंनी डॉक्टरबाईंना विचारलं, "त्या पेशींला कवा तरी कळंल का, ही आपलीच हाय म्हणून?" तेवढ्यात दुसरा पेशंट आत आला आणि उत्तर राहून गेलं.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मी साखऱ्याला गेलो. पारावरचा कागद करोनापासूनच्या उन्हानं पिवळा पडला होता, तो काढला आणि नवा लावला. त्यावर लिहिलं, की ज्यांना दुसऱ्याचा अवयव बसवला आहे त्यांनी काढा घेऊ नये, आणि आधीच्या कागदात हे सांगायचं राहिलं ही माझी चूक आहे. खाली सही केली. पारावरच्या एका आजोबांनी वाचून विचारलं, "मास्तर, गावात अवयव बसवलेला तुमच्याबिगर हाय कोण?" मी म्हणालो, कोणी नाही. ते म्हणाले, "मंग सवताच सवताला चिठ्ठी लिहून राहिले का?" अंगणातली वेल सासूबाईंनी ठेवली. गावाला ती लागते. फक्त माझ्या जेवणाची जागा त्यांनी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, वेलीपासून लांब नेली.

यंदा अधिक ज्येष्ठ आला. ऊन असं की रान नांगरून तापत पडलेलं. तरी धोंड्याचं बोलावणं आलंच. मिस्ड कॉल नाही, पूर्ण फोन. "जावईबापू, मागचे धोंडे बाकी हायत. रविवारी सकाळीच या." आम्ही पहिल्या एसटीनं गेलो. सासूबाई चुलीपुढं बसून माझ्यासमोरच धोंडे तळत होत्या, घामाघूम, आणि मी विज्ञान सांगत होतो.

मध्येच त्यांनी झारा थांबवला. "त्ये राहूनच गेलं. आता तीन वर्षं होत आली. वळखलं का त्यायनी मला?"

मी खरं ते सांगायचं ठरवलं होतं, गोड लागो की कडू. "नाही आई. त्या कधीच ओळखणार नाहीत. मी मरेपर्यंत तुम्ही त्यांना परक्याच. म्हणून तर गोळी रोज."

त्यांनी धोंडा उलटा केला. थोडं तेल उडालं, ते पदरानं पुसलं.

"न्हाई वळखलं तर न्हाई," त्या म्हणाल्या. "काम तर करून राहिली ना बराबर?"

मी नुसती मान हलवली. तेवढ्यात त्यांच्या मोबाइलमधला आठचा गजर वाजला. त्या उठल्या, उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या स्वतः घेऊन आल्या आणि मी गोळी गिळेपर्यंत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.